कनेक्शन मामाच्या नावावर, हिस्टरी घरभराची

हे सगळं माझ्या मामाच्या घरी घडलं, विक्रोळी पूर्वेला, कन्नमवार नगरमध्ये. मामेबहिणीला विचारूनच लिहितोय. तिने आधी वाचलं, दोन ठिकाणी "दादा हे काढ" म्हणाली ते काढलं, मग म्हणाली आता लिही, कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल. इंटरनेट कंपनीचं नाव देत नाहीये, कारण माझ्याकडे जो पुरावा आहे तो एका घरातला आहे आणि जे घडलं ते कुठल्याही वायरीवर घडू शकतं.

आधी घर सांगतो, कारण घर कळलं नाही तर प्रकरण कळणार नाही. म्हाडाची जुनी बिल्डिंग, एक खोली, किचन, आणि गॅलरी आत घेऊन केलेली अर्धी खोली. राहणारे पाच जण: मामा, मामी, मोठा मामेभाऊ, वहिनी आणि त्यांचा आठवीतला मुलगा. गेल्या वर्षी श्रावणात मामेबहीण महिनाभर माहेरी आली, म्हणजे सहा. या घरात कुणाला एकट्याने रडायचं असेल तर बाथरूममध्ये नळ सोडून रडावं लागतं, हे मी लहानपणापासून बघतोय. दार लावून फोनवर बोलायला दुसरी खोलीच नाही. त्यामुळे प्रत्येकाचं खाजगी असं जे काही आहे ते ज्याच्या त्याच्या फोनमध्ये असतं, आणि कुणी कुणाचा फोन उघडत नाही हा घरातला न बोललेला नियम आहे.

वायफाय केबलवाल्याकडून घेतलेलं. केबलवाला म्हणजे आमच्याच एरियातला पोरगा, मागे मोठी कंपनी, पुढे हा. फॉर्मवर सही मामाची, आधारची झेरॉक्स मामाची, बिल मामाच्या खात्यातून. राउटर शोकेसमध्ये टीव्हीच्या वर ठेवलाय. बिल्डिंगमध्ये वायरी येतात दोनच जणांच्या, त्यामुळे नाही आवडलं तर बदला हे बोलायला सोपं आहे, करायला नाही.

बहिणीच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. डॉक्टरांनी आयव्हीएफचा विषय काढला होता आणि तिने आणि भाऊजींनी ठरवलं होतं की सगळे रिपोर्ट हातात येईपर्यंत दोन्हीकडच्या आईवडिलांना काही बोलायचं नाही. रात्री सगळे झोपले की ती फोनवर वेगवेगळ्या सेंटरच्या साइट वाचायची, खर्च किती, किती वेळा जावं लागतं, ऑफिसातून किती सुट्ट्या लागतील वगैरे. इनकॉग्निटोमध्ये वाचायची, तिला वाटायचं त्यात कुठेच काही राहत नाही. तिच्याच फोनमध्ये राहत नाही हे खरं, पण फोनच्या बाहेर जे जातं त्याला इनकॉग्निटो हातसुद्धा लावत नाही.

श्रावणातली संकष्टी होती. मामी बरीच वर्षं एकच पंचांगाची साइट बघते, जुनी, साधी, कुलूप नसलेली, म्हणजे पत्त्यात https नसलेली. संध्याकाळी चंद्रोदय किती वाजता ते बघायला तिने पान उघडलं आणि खाली, बोटभर उंचीची एक पट्टी आली, बाळाला हातात धरलेल्या बाईचा फोटो, फर्टिलिटी सेंटर, पहिला सल्ला मोफत. मामी सहज म्हणाली, "अगं बघ, आता पंचांगावर पण मूल होण्याच्या जाहिराती." बहीण समोर बसून गवार मोडत होती, तिचा हात थांबला. दुसऱ्या दिवशी तिथी बघताना परत तीच पट्टी, तिसऱ्या दिवशी वहिनीला स्वयंपाकाच्या कुठल्यातरी जुन्या पानावर तीच. चौथ्या दिवशी मामीने पट्टीकडे बघितलं, मग लेकीकडे बघितलं आणि विचारलं, "तुमचं काही चाललंय का?"

बहिणीला वाटलं भाऊजींनीच सांगितलं. तिने गॅलरीत उभं राहून, आवाज दाबून, त्यांना नाही नाही ते सुनावलं. ते बिचारे शपथा घेत होते. दोन दिवस बोलणं बंद. नुकसान म्हटलं की लोक पैसे विचारतात, कुणाचं अकाउंट रिकामं झालं का विचारतात. इथे रुपयाही गेला नाही. इथे एका बाईने आपल्या नवऱ्यावर अविश्वास दाखवला, आणि जे तिला आईला आपल्या वेळेला, आपल्या शब्दांत सांगायचं होतं ते एका पट्टीने चंद्रोदयाच्या वेळेखाली सांगून टाकलं. मग तिने मला फोन केला, "दादा, माझा फोन हॅक झालाय का बघ ना."

मी ऑफिसात नेटवर्क सपोर्टला आहे, त्यामुळे नातेवाइकांत कुणाचं काही अडलं की फोन मलाच येतो. शनिवारी लॅपटॉप घेऊन गेलो. फोनमध्ये काही नव्हतं. माझा पहिला अंदाज होता की हे नेहमीचंच, गूगल, फेसबुक, साइटवरचे ट्रॅकर, एका घरात एकाच आयपी पत्त्यावरून सगळे फोन बाहेर जातात म्हणून जाहिरातीवाले घराला एक समजून चालतात. असं होतं आणि सर्रास होतं. तेच असतं तर मी बहिणीला ब्लॉकर टाकून दिला असता आणि चहा पिऊन निघालो असतो.

पण मी ते पंचांगाचं पान आधी मामीच्या फोनवर वायफायवरून उघडलं, पट्टी आली. मग वायफाय बंद करून त्याच फोनवर मोबाइल डेटावरून उघडलं, पट्टी नाही. परत वायफाय, परत पट्टी. माझ्या लॅपटॉपवर, जो या घरात पहिल्यांदाच येत होता, वायफायवर पट्टी आली. पानाचा सोर्स, म्हणजे त्यामागचा कोड, उघडून दोन्ही कॉप्या शेजारी शेजारी ठेवल्या. वरपासून खालपर्यंत सगळं सारखं, फक्त वायफायवाल्या कॉपीत अगदी शेवटी एक ओळ जास्तीची, दुसऱ्याच कुठल्यातरी पत्त्यावरून स्क्रिप्ट ओढणारी. म्हणजे पंचांगवाल्याने ती जाहिरात लावलीच नव्हती. पान त्याच्या सर्व्हरवरून नीट निघालं, आणि विक्रोळीला पोचेपर्यंत वाटेत कुणीतरी त्यात ओळ घुसवली. कुलूप नसलेल्या पानाचं हे असं असतं, वाटेतला माणूस ते वाचूही शकतो आणि त्यात लिहूही शकतो.

आपल्याकडे हे नवीन नाही. जून २०१५ मध्ये बंगळुरूच्या एका प्रोग्रामरला एअरटेलच्या थ्रीजीवर आपल्याच ब्लॉगच्या पानात असाच परका कोड सापडला होता. त्याने तो लोकांना दाखवला तर तो कोड ज्यांचा होता त्या फ्लॅश नेटवर्क्स या इस्रायली कंपनीकडून त्यालाच कायदेशीर नोटीस आली. एअरटेलचं म्हणणं होतं की ग्राहकाला आपला डेटा किती वापरला ते कळावं यासाठी ती चाचणी होती. हेतू काहीही असो, पान पाठवणाऱ्याला माहीत नाही, वाचणाऱ्याला माहीत नाही, आणि मधला माणूस त्यात हात घालतो. मला तेव्हाही हे पटलं नव्हतं, पण तेव्हा ती बातमी होती, घरातली गोष्ट नव्हती.

बरं, पट्टी कंपनीच्या वाटेत घुसते हे कळलं. पण पट्टीत नेमकी आयव्हीएफचीच जाहिरात का? बहिणीने वाचलेल्या साइट सगळ्या कुलुपाच्या होत्या. इथे थोडं तांत्रिक सांगावं लागेल.

आमच्या ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये वॉचमनकडे रजिस्टर असतं, नाव, वेळ, कुठल्या मजल्यावर कुणाकडे जाताय. आत जाऊन तुम्ही काय बोललात ते वॉचमनला कळत नाही. पण तुम्ही आठवड्यात चार वेळा चौथ्या मजल्यावरच्या वकिलाकडे गेलात हे त्याला माहीत असतं आणि त्यावरून तो काय समजायचं ते समजतो. इंटरनेट कंपनीचं तसंच आहे. फोन कुठलीही साइट उघडायच्या आधी त्या नावाचा पत्ता काय ते विचारतो, त्या विचारणीला डीएनएस म्हणतात, आणि तुम्ही काही बदललं नसेल तर ती विचारणी कंपनीच्याच सर्व्हरकडे, उघड्या अक्षरांत जाते. नंतर कुलुपाच्या साइटशी बोलणं सुरू होतानासुद्धा साइटचं नाव बहुतेक वेळा उघडंच जातं, कुलूप त्यानंतर लागतं. म्हणजे बहिणीने गूगलवर काय प्रश्न टाइप केला, कुठलं पान वाचलं, हे कंपनीला दिसत नाही. रात्री साडेबाराला या कनेक्शनवरून लागोपाठ पाच फर्टिलिटी सेंटरच्या साइट उघडल्या हे दिसतं. आणि कुकी, म्हणजे साइट ब्राउझरमध्ये ठेवते ती ओळखीची खूण, पुसली, फोन बदलला, इनकॉग्निटो लावलं तरी कंपनीला फरक पडत नाही कारण तिच्यासाठी ओळख म्हणजे मामाचं लॉगिन, जे राउटरमध्ये बसलंय.

हा अंदाज झाला, पुरावा नाही. पुरावा असा काढला. घरात कुणाचाही संबंध नाही असा विषय हवा होता. मामी कुत्र्याला इतकी घाबरते की जिन्यात कुत्रं बसलेलं असलं तर खालून हाक मारते. म्हणून मी कुत्र्यांचं खाणं, पट्टे, औषधं विकणाऱ्या वीसेक साइटची नावं काढली आणि लॅपटॉपवर एक छोटी स्क्रिप्ट लावली जी दर काही मिनिटांनी फक्त त्या नावांचे पत्ते विचारत राहील. साइट एकही उघडली नाही, सर्च केला नाही, कुठल्याही अकाउंटला लॉगिन नाही. म्हणजे त्या दुकानांना माहीत नाही, गूगलला माहीत नाही, फेसबुकला माहीत नाही, जो काही माग राहिला तो फक्त पत्ता विचारल्याचा. लॅपटॉप तिथेच ठेवून आलो, मामाला सांगितलं बंद करू नकोस.

सोमवारी रात्री मामीचा फोन आला, "अरे, ते कुत्र्याचं आलं." मंगळवारी वहिनीच्या फोनवरही आलं. पुढच्या आठवड्यात सायकलींच्या दुकानांची नावं घेऊन परत तेच केलं, दोन दिवसांनी पट्टीत सायकली. एका घरातल्या दोन चाचण्या आहेत, यापेक्षा मोठा दावा मी करत नाही. पण माझ्यापुरता संशय संपला.

हे बहिणीला समजावून सांगितलं तेव्हा ती काही वेळ गप्प बसली आणि मग तिने भाऊजींना फोन लावला. तो फोन मी ऐकला नाही, मी खाली जाऊन उभा राहिलो.

मग लागलो बंद करायच्या मागे. केबलवाल्याला बोलावलं. पोरगा चांगला आहे, खोटं बोलला नाही. म्हणाला, "दादा, मला तर कम्प्लेंट आली की बॉक्स बदलायचा एवढंच माहितीये, हे सगळं वरून येतं." राउटरचा पासवर्ड त्याच्याकडे होता, तो त्याने दिला. कस्टमर केअरला फोन केला, तिथल्या मुलीने मला ब्राउझरची हिस्टरी डिलीट करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशीच्या मुलाने व्हायरस असेल म्हटलं. तिसऱ्या फोनला डॉकेट नंबर मिळाला.

मी स्वतःच कंपनीच्या साइटवरची प्रायव्हसी पॉलिसी वाचायला घेतली. इंग्रजीत, बारीक अक्षरांत, आणि बरीच खाली एक वाक्य होतं की सेवा सुधारण्यासाठी आणि ग्राहकाला रुचतील अशा ऑफर दाखवण्यासाठी वापराची माहिती भागीदारांबरोबर वापरली जाऊ शकते, नको असेल तर इथे क्लिक करा. त्या क्लिकवर एक पान, पानावर एक बटण. मामाने फॉर्मवर सही केली ती या वाक्याला दिलेली संमती. मामाला मी विचारलं, तुला काय वाचून दाखवलं होतं? म्हणाला, किती एमबीपीएस आणि सहा महिने भरले तर एक महिना फ्री.

बटण दाबलं. मामीच्या फोनवर पट्टी चालूच. अर्धा तास डोकं लावल्यावर कळलं की बटण दाबल्यावर फक्त एक कुकी बसते, ज्या ब्राउझरमधून दाबलं त्यातच. मी माझ्या लॅपटॉपवर दाबलं होतं म्हणून माझ्या लॅपटॉपवरच पट्टी थांबली. म्हणजे घरातल्या सहा जणांनी आपापल्या फोनवर, प्रत्येक ब्राउझरमधून, ते इंग्रजी पान शोधून बटण दाबायचं. कुणी हिस्टरी साफ केली, जी साफ करायला त्यांचाच कस्टमर केअर सांगतो, की बटण दाबल्याची खूणही त्याबरोबर साफ. इनकॉग्निटोत तर दर वेळी नव्याने. टीव्हीवर कुठून दाबणार?

आणि सगळ्यात महत्त्वाचं त्या पानावरच लिहिलेलं होतं, जे मी पहिल्यांदा नुसतं वाचून पुढे गेलो होतो. त्यात म्हटलं होतं की यानंतर तुम्हाला तुमच्या आवडीनुसार जाहिराती दिसणार नाहीत. माहिती घेणार नाही असं कुठेच नव्हतं. वॉचमन रजिस्टर लिहीतच राहणार, फक्त तुमच्या दारात पत्रक टाकणार नाही. बहिणीला त्रास पट्टीचा झाला हे खरं, पण पट्टीमुळे निदान कळलं तरी. पट्टी बंद होऊन यादी चालू राहिली असती तर आम्हाला आयुष्यात कधी कळलं नसतं.

हे वाचताना मला फॉर्मची आठवण झाली, म्हणजे ब्रिटनमधली फॉर्म (Phorm) नावाची कंपनी. नेटवर्कच्या आतच पेटी बसवून लोक काय वाचतात त्यावरून जाहिराती ठरवायचा तिचा धंदा. बीटी या तिथल्या मोठ्या इंटरनेट कंपनीने २००६ आणि २००७ मध्ये आपल्या हजारो ग्राहकांवर न सांगता त्याची चाचणी घेतली. २००८ मध्ये बीटी, व्हर्जिन मीडिया आणि टॉकटॉक या तिन्ही कंपन्या यात येणार हे जाहीर झालं तेव्हा बोंबाबोंब झाली. केंब्रिजच्या रिचर्ड क्लेटन यांनी ती यंत्रणा कशी चालते ते उलगडून लिहिलं, वेब ज्यांनी बनवलं ते टिम बर्नर्स-ली उघड विरोधात बोलले. तिथेही नको म्हणण्याची सोय कुकीवरच होती, कुकी गेली की नकारही गेला. एप्रिल २००९ मध्ये युरोपियन कमिशनने ब्रिटनविरुद्ध कारवाई सुरू केली, जुलैत बीटीने माघार घेतली.

अमेरिकेतली व्हेरिझॉनची गोष्ट तर याहून वाईट. २०१२ पासून ती मोबाइलवरच्या उघड्या ट्रॅफिकमध्ये प्रत्येक ग्राहकाचा एक ओळख क्रमांक चिकटवत होती, २०१४ मध्ये ते लोकांच्या लक्षात आलं. ज्यांनी नको म्हणून कळवलं होतं त्यांच्याही ट्रॅफिकला क्रमांक चिकटतच होता, फक्त व्हेरिझॉन तो त्यांच्या जाहिरातींसाठी वापरत नव्हती. आणि एक जाहिरात कंपनी तोच क्रमांक वापरून लोकांनी पुसलेल्या कुकी परत जिवंत करत होती. मार्च २०१६ मध्ये तिथल्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने साडेतेरा लाख डॉलर दंड घेतला. एटी अँड टीने तर सरळ भावच लावला होता, फायबरचा प्लॅन ७० डॉलर, ट्रॅकिंग नको असेल तर ९९. २०१६ मध्ये तो प्रकार बंद झाला. त्याच वर्षी एफसीसीने नियम केला की ब्राउझिंगची माहिती वापरायच्या आधी ग्राहकाचा होकार घ्यायचा, पण एप्रिल २०१७ मध्ये, अंमलात यायच्या आधीच, तो संसदेने आणि राष्ट्राध्यक्षांनी रद्द केला.

हे सगळं मामाला सांगितलं नाही, मामाला एवढंच सांगितलं की हे आपल्याच वाट्याला आलंय असं नाही.

लोक म्हणतात गूगल सगळं घेतंच की, मग केबलवाल्याने घेतलं तर काय बिघडलं. मला हे पटत नाही. गूगलचा मी ग्राहक पैशाने नाही, आणि नको वाटलं तर दुसरं सर्च इंजिन लावता येतं, कटकट होते पण येतं. घरातून बाहेर जायचा रस्ता एकच आहे आणि त्याचं भाडं मामा दर महिन्याला भरतो. भाडं घेणाऱ्याने जाणाऱ्या येणाऱ्याची नोंद विकू नये. सरकारच्या लायसन्सच्या अटींप्रमाणे कंपनीला काही नोंदी ठेवाव्याच लागतात, आधी एक वर्ष होतं, डिसेंबर २०२१ पासून दोन वर्षं, पण ते सुरक्षेच्या कारणाने. त्याच लायसन्समध्ये ग्राहकाची गोपनीयता सांभाळायची जबाबदारीही लिहिलेली आहे. पोलिसांना लागली तर दाखवायची नोंद वेगळी आणि जाहिरातवाल्याला द्यायची नोंद वेगळी.

आता कायद्याचं. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला नियमांपासून दीड वर्षाची मुदत ठेवलीये. कायद्यात लिहिलंय ते चांगलं आहे. संमती मोकळेपणाने, नेमक्या कामासाठी, समजून उमजून, आणि स्वतः काहीतरी करून दिलेली हवी, म्हणजे फॉर्मच्या पोटात लपलेलं वाक्य चालणार नाही. दिलेली संमती काढून घेणं देण्याइतकंच सोपं हवं. सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत मिळाली पाहिजे, म्हणजे मामा मराठीत मागू शकतो. अठरा वर्षांखालच्या मुलांवर नजर ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे.

पण मला यात जो प्रश्न पडला तो हा की संमती कुणाची? कायदा म्हणतो ज्याची माहिती आहे त्याची. मामाच्या घरात माहिती सहा जणांची आणि सही एकाची. बहीण तर त्या रेशन कार्डावरसुद्धा नाही आता, महिनाभराची पाहुणी. तिने कुठल्या कागदावर सही केली? पुतण्याचं काय, तो तेरा वर्षांचा आहे, त्याच वायफायवर अभ्यासाचे व्हिडिओ बघतो, आणि कंपनीला घर एकच दिसतं, त्यात कुठली क्लिक पोराची आणि कुठली आजोबांची हे तिला वेगळं करता येत नसेल तर पोराला वगळणार कसं? माझ्या मते याला एकच सरळ उत्तर आहे. घरगुती कनेक्शनवर ब्राउझिंग बघून जाहिराती करायच्याच असतील तर सुरुवात बंद ठेवून करायला हवी. नको असेल तर येऊन सांगा हे चालणार नाही, हवं असेल तर येऊन सांगा असं पाहिजे, आणि तेही घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला कळेल अशा भाषेत. मुंबईतल्या दीड खोलीत सहा माणसं राहतात तिथे एकाची सही बाकीच्यांच्या वतीने धरणं म्हणजे खोलीतल्या सगळ्यांचे फोन एकाच्या हातात देण्यासारखं आहे.

दरम्यान घरात जे करता आलं ते केलं. आधी राउटरमध्ये डीएनएस बदलून गूगलचा ८.८.८.८ टाकला, बऱ्याच ठिकाणी हाच सल्ला देतात. फरक शून्य. मग एक अस्तित्वातच नसलेलं, बोटं आपटून टाइप केलेलं साइटचं नाव विचारलं. खऱ्या डीएनएसने असं नाव नाही म्हणून सांगायला पाहिजे. इथे उत्तर आलं, आणि त्या पत्त्यावर जाहिरातींचं सर्च पान उघडलं. म्हणजे विचारणी ८.८.८.८ च्या नावाने निघाली तरी कंपनी ती वाटेत अडवून स्वतःच उत्तर देत होती. उघडी विचारणी कुणाकडेही पाठवा, मधला माणूस ती वाचतोच. उपाय म्हणजे विचारणीच कुलुपात पाठवायची. अँड्रॉइड ९ पासून फोनच्या सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस आहे, त्यात दुसऱ्या सेवेचं नाव टाकलं, सगळ्यांच्या फोनवर. लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये सिक्युअर डीएनएस चालू केला. आणि प्रत्येक ब्राउझरमध्ये फक्त कुलुपाच्या साइट उघडायची सेटिंग लावली, उघडी साइट आली की तो आधी विचारतो. पंचांगाची ती साइट कुलुपाने उघडतच नव्हती, मामीला दुसरं पंचांग शोधून दिलं, तिला ते अजून आवडत नाही.

दोन दिवसांत पट्टीचा विषय बदलला, आता काही मुद्दाम उघडं पान उघडलं तर पट्टी यायची पण त्यात कुठल्यातरी गृहकर्जाची सरसकट जाहिरात. ती बघून मला माझ्या चाचण्यांवर अजून विश्वास बसला. टीव्हीला मात्र असलं काही सेटिंग नाही, तो अजून उघडाच बोलतो. आणि साइटचं नाव कुलूप लागायच्या आधी उघडं जातं ते पूर्ण झाकायची सोय अजून सगळ्या साइटवर आलेली नाही, त्यामुळे कंपनीने मनात आणलं तर तिथून बघू शकते. घरातल्या घरात होण्यासारखं एवढंच होतं.

कंपनीकडे तक्रार लावून धरली. डॉकेट नंबरवर समाधान झालं म्हणून आपोआप एसएमएस आला तेव्हा मी अपीलात गेलो, ट्रायच्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला अपिलाची यंत्रणा ठेवावी लागते, तिचा ईमेल साइटवर असतो. मामाच्या नावाने मेल लिहिला, पट्टीचे स्क्रीनशॉट, दोन्ही सोर्सच्या कॉप्या, चाचणीच्या तारखा जोडल्या, आणि चार गोष्टी विचारल्या. पानात ओळ घालणं बंद करा. या कनेक्शनवरून कुठल्या साइट बघितल्या याची नोंद जाहिरातीसाठी वापरणं बंद करा, कुकीने नाही, खात्यावर. आत्तापर्यंत कुणाकुणाला दिलीत ते सांगा. ती पुसा. मेल मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही लिहिला, मामाने वाचून मगच पाठवायला सांगितलं.

तीनेक आठवड्यांनी उत्तर आलं. खात्यावर नोंद केली आहे, यापुढे जाहिराती दिसणार नाहीत, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आणि खरंच, पट्टी थांबली, चुकीच्या नावाला जाहिरातींचं पान उघडायचंही थांबलं. म्हणजे खात्यावर बंद करायची सोय त्यांच्याकडे होती, पहिल्या दिवसापासून होती, ती बटणावर ठेवलेली नव्हती इतकंच. तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही. मी दोनदा आठवण केली, दोनदा तेच वाक्य परत आलं. कायद्याच्या जबाबदाऱ्या लागू झाल्या की त्याच तारखेला हाच मेल परत पाठवणार आहे, कॅलेंडरमध्ये टाकून ठेवलाय.

केबलवाल्याने मात्र एक केलं, जे मी त्याला सांगितलं नव्हतं. त्याने आमच्या मेलची कॉपी मागितली आणि बिल्डिंगमधल्या आणखी दोघांना दिली, त्यांनी पाठवल्यावर त्यांच्याकडचंही बंद झालं.

बहिणीने मामीला सगळं सांगितलं, गौरीच्या दिवशी, किचनमध्ये, मोदकवाल्या पातेल्यावर झाकण ठेवता ठेवता. मामी काही बोलली नाही म्हणे, फक्त जवळ येऊन उभी राहिली. भाऊजींशीही नीट आहे आता. सेंटरला जाणं सुरू झालंय.

पण माहेरी आली की ती वायफायला फोन जोडत नाही. मी तिला दहा वेळा सांगितलं की आता सगळं लावून दिलंय, आता चालेल, तरी नाही. फोन मोबाइल डेटावर ठेवते, आणि रात्री गॅलरीतल्या त्या अर्ध्या खोलीत रेंज कमी येते म्हणून खिडकीला टेकून बसते. गेल्या महिन्यात मामीने मला फोन केला, म्हणाली, "अरे, तिच्या नंबरवर तो जास्त डेटावाला रिचार्ज टाक, पैसे मी देते. तिला सांगू नकोस मी सांगितलं म्हणून."